आखाजीचा पोहरा

घरात चार माणसे असतात तोवर घरातील वस्तू निमूटपणे आपापले काम करीत असतात; परंतु सुटीत सारे गोत एका छपराखाली जमले, की त्यांतील एखादीला नेमके त्याच वेळी आपले वय आठवते. मोरी तुंबते, पाटाचा पाय निखळतो, नाहीतर ऐन पंगतीच्या वेळी गॅसची टाकी राम म्हणते. ज्यांच्या घरी लेकीसुना व नातवंडे मिळून वीस-बावीस पाने मांडली जातात, त्या वाचकांस हा अनुभव नव्याने सांगावयास नको.

आमचे वडिलार्जित घर धुळ्यास आहे. सेवानिवृत्तीनंतर मी मुलाजवळ जळगावी राहतो. धुळ्याच्या घरी धाकटे बंधू सहकुटुंब असतात व आमच्या वयोवृद्ध काकू असतात. दोन्ही गावांमधील अंतर नव्वद किलोमीटरांच्या आसपास; परंतु अलीकडे ते मनात अधिक वाढले होते. घर पाडून तेथे सदनिका बांधाव्यात, असे बंधूंचे म्हणणे. माझे मन ते घेत नव्हते. उभयतांत शब्दाला शब्द कधी लागला नाही, पण फोनवरील बोलणे हवापाण्यापुरते उरले होते. आखाजीला सारे जमतील तेव्हा काय ते ठरवू, एवढ्यावर तो विषय येऊन थांबला होता.

अक्षय्य तृतीयेस खानदेशात आखाजी म्हणतात, आणि तिचा मान येथे दिवाळीहून उणा नाही. सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुनिंबाच्या फांद्यांना झोके बांधले जातात, आमरस-पुरणपोळीच्या पंगती उठतात. परंतु या सणाचे मर्म पाण्यात आहे. पितरांच्या नावे पाण्याने भरलेली मातीची घागर पुजावयाची व तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवावयाचे. धर्मशास्त्रात ज्यास उदकुंभदान म्हटले आहे, तेच हे. जेथे वैशाखातला पारा चाळिसाच्या खाली उतरण्यास राजी नसतो, तेथे पूर्वजांस पाण्याहून मोलाचे दुसरे काय द्यावे?

अशा या सणाच्या आदल्या दिवशी दुपारी, घरात एकवीस माणसे असता, परसातील विहिरीवरची मोटर जळाली. तिने वीस वर्षे सेवा केली होती. तिला बोल लावण्यात अर्थ नव्हता. नळाच्या पाण्याची पाळी दोन दिवस पुढे होती. कारागिराने सणाचे कारण सांगून परवाचा वायदा केला. टँकरवाल्यानेही तेच सांगितले. एरवी हा प्रसंग हसण्यावारी नेता आला असता. पण काकूंना सकाळपासून उन्हाची झळ लागून ग्लानी आली होती. अंग वारंवार ओल्या फडक्याने पुसावे व पाणी थोडेथोडे पाजीत राहावे, असे डॉक्टर बजावून गेले होते. गच्चीवरील टाकीत मोजून चार बादल्या पाणी उरले होते. माजघरात सर्वांचे चेहरे उतरले.

काकूंनी डोळे किलकिले करून विचारले, “काय रे, विहीर आटली का?”

“नाही, काकू. मोटर जळाली.”

“मग एवढं तोंड पाडायला काय झालं? माळ्यावर रहाट आहे ना!”

बंधू माळ्यावर चढले. रहाट सापडला, तांब्याचा पोहराही सापडला. मात्र दोराचा उंदरांनी पार भुगा केलेला होता. सणामुळे बाजारपेठ लवकर मिटलेली. तेव्हा कोणीही न सांगता पोरे अंगणात धावली आणि निंबाला त्याच सकाळी बांधलेल्या झोक्याचा कोरा करकरीत दोर सोडून घेऊन आली. झोक्यावाचून आखाजी म्हणजे पतंगावाचून संक्रांत. पण त्यांच्यापैकी एकानेही कुरकुर केली नाही. लहानपणी आम्ही दोघे भाऊ हात लागोपाठ टाकून पाणी शेंदीत असू. पन्नास वर्षांनंतर पहिला पोहरा वर येताना तीच लय हातांस आपोआप सापडली. ते पहिले पाणी काकूंच्या उशाशी गेले.

पाणी वर आले, तरी शेंदणारे हात थोडके. तेव्हा वाटपाचा प्रश्न उरला. त्याचे उत्तर शोधण्यास धुळेकरांनी परमुलखात जाण्याचे कारण नाही. पांझरेच्या काठी फड पद्धती शतकानुशतके चालत आली आहे. नदीस बंधारा घालावयाचा, त्यातून पाट काढावयाचा, पाटाखालील जमिनीचे फड पाडावयाचे व एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. पाण्याची पाळी ठरलेली असते व ते शेतोशेती पोचविण्याचे काम शेतकऱ्यांनीच नेमलेल्या पाटकऱ्याकडे असते. पाणी घेणारा निराळा आणि देणारा निराळा, त्यामुळे तंट्याचे मूळच उपटले जाते.

आम्ही घराचे चार फड पाडले. पहिला काकूंचा, दुसरा पिण्याच्या पाण्याचा, तिसरा स्वयंपाकाचा आणि शेवटचा स्नानाचा. अकरा वर्षांच्या नातीस पाटकरी नेमले. त्या पदाचा अंमल तिने असा काही गाजविला की विचारता सोय नाही. दुसरा तांब्या मागताच, “आजोबा, तुमची पाळी झाली,” असे तिने मला बजावले. वयाचा वा नात्याचा मुलाहिजा तिच्या दप्तरी नव्हता. जावईबापूंनी पावणेदोन तांब्यांत स्नान उरकून दाखविले आणि उरलेला पाव तांब्या तुळशीस घातला. सूनबाईंनी केळीची पाने आणवून भांडी घासण्याचा प्रश्नच मिटविला. जळगावहून येताना केळी आणली होती, पाने आणावयास कोणाला सुचले नव्हते, म्हणून शेजारच्या परसातली गेली.

रात्री अंगणात बसून मी मुलांना लीलावतीची आख्यायिका सांगितली. ही कथा मूळ ग्रंथात नाही; फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात ती येते. मुलीचा विवाहमुहूर्त साधण्यासाठी भास्कराचार्यांनी घटिकापात्र मांडले. तिच्या अलंकारातील मोती त्यात पडून छिद्र बुजले, पात्र बुडेना आणि मुहूर्त टळून गेला. तेव्हा पित्याने कन्येच्या नावे गणिताचा ग्रंथ रचून तिचे सांत्वन केले. कथेतील हे दुर्दैवही पाण्याच्याच भांड्यातले! भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याचा शिलालेख आपल्याच खानदेशात, चाळीसगावाजवळ पाटण येथे आहे, हेही मी सांगितले. मुले भारावून जातील अशी माझी अपेक्षा होती. पाटकरीणबाई एवढेच म्हणाल्या, “पण लग्न हवं की गणित, हे तिला कोणी विचारलं का?” बायकांच्या बाजूने मोठा हशा झाला.

उत्तररात्री काकूंची ग्लानी उतरली. सकाळी त्यांनी भिंतीला टेकून पेज घेतली. पूजेची घागर भरण्यासाठी आम्ही दोघे पुन्हा विहिरीवर गेलो. दोर ओढता ओढता बंधू म्हणाले, “दादा, काल निभावलं. पण दहा वर्षांनी हा रहाट ओढायला आपल्यापैकी कोणाच्या हातात बळ असेल?” प्रश्न रास्त होता, आणि त्यात रागाचा लवलेश नव्हता. मी म्हटले, “बळ नसेल, पण विहिरीला पाणी असेल.” पुढे घागर भरेपर्यंत आम्ही त्याच विषयावर बोललो, इतके की वर्षभरात बोललो नव्हतो. काकू आहेत तोवर घराची वीटही हलवू नये. पुढे बांधकाम करणे झालेच, तर विहीर बुजवू नये आणि तिच्यावरचा रहाट काढू नये, असे ठरले. घर राहील की जाईल, हे आज मला सांगता येत नाही. परंतु ते भावाभावांच्या अबोल्यापायी जाणार नाही, एवढे निश्चित.

तिसऱ्या दिवशी कारागीर आला व मोटर सुरू झाली. मुलांना त्यांचा दोर परत मिळाला. दोन दिवस भिजून तो चांगलाच पिळला गेला होता, आणि त्यामुळे झोका पूर्वीपेक्षा उंच जातो, असे सर्वानुमते ठरले.