टीव्हीतला शार्क आणि शिवारातला बिबट्या

खानदेशाला समुद्र नाही. तापी जळगाव-धुळे जिल्ह्यांतून वाहते खरी, पण ती समुद्राला भेटते थेट सुरतेच्या पुढे. त्यामुळे माझ्यासारख्या जळगावच्या पोरांनी शार्क पाहिला तो टीव्हीवरच. हिंदीत डब केलेला कार्यक्रम, खर्जातला आवाज, पाण्याखालून वर येणारा जबडा. तोच जबडा, तीनदा, स्लो मोशनमध्ये. माझ्या आजीने समुद्र कधी पाहिला नव्हता, पण तीही ताट बाजूला सारून म्हणायची, "हाऊ मासा भलता वाईट शे."

हीच आजी सकाळी अंधारात कपाशीच्या शेतात अनवाणी जायची. जगभरात शार्कच्या हल्ल्यात वर्षाला साधारण पाच-सहा माणसं मरतात. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसं मरतात, असं 2020 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो. आमच्या घरात भीती मात्र शार्कची होती. कारण सापाला पार्श्वसंगीत नव्हतं.

हे संगीत कुठून आलं, तेही माहीत असलेलं बरं. 1975 साली स्टीव्हन स्पिलबर्गचा 'जॉज' आला. 1988 पासून डिस्कव्हरीने 'शार्क वीक' सुरू केला. 'जॉज'ची मूळ कादंबरी लिहिणारे पीटर बेंचली पुढे आयुष्यभर शार्क वाचवा म्हणून सांगत फिरले. पण जबडा लोकांच्या डोक्यात बसला तो बसलाच. 1970 पासूनच्या अर्ध्या शतकात खुल्या समुद्रातल्या शार्क आणि रे माशांची संख्या 71 टक्क्यांनी घटली. त्यांना टीव्हीने नाही, बेसुमार मासेमारीने मारलं. टीव्हीने एवढंच केलं, की ते मेल्याचं कुणाला वाईट वाटू नये.

पण कॅमेरा उलटंही करू शकतो, आणि त्याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क येतो. जगातला सगळ्यात मोठा मासा, आणि खातो काय, तर पाण्यातले बारीक जीव आणि छोटे मासे. सौराष्ट्रात त्याची सर्रास शिकार व्हायची. मांस परदेशी जायचं, यकृताचं तेल होड्यांना लावायचं. माईक पांडे यांनी ही कत्तल चित्रित केली. 2000 साली त्यांचा 'शोअर्स ऑफ सायलेन्स' आला आणि 2001 मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव कायद्यात वाघाइतकंच संरक्षण मिळालं.

कायद्याने शिकार बंद झाली, तरी जाळ्यात अडकलेल्या माशाचं काय? 2004 मध्ये तिथे मोहीम निघाली. मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितलं, की हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. तिला नाव मिळालं 'व्हाली', म्हणजे लाडकी. फाटलेल्या जाळ्याची भरपाई सरकार देऊ लागलं. मग कोळी स्वतःची जाळी कापून तिला सोडू लागले. अशा शेकडो व्हाली परत समुद्रात गेल्या.

आखाजीला लेक माहेरी येते म्हणजे काय, हे खानदेशी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. म्हणून मला ही गोष्ट आमच्या बिबट्यापाशी आणून सोडते.

2017 मध्ये चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, आणि डिसेंबरमध्ये त्या बिबट्याला गोळी घालण्यात आली. ती भीती खोटी नव्हती. माझी मावशी त्याच भागात राहते. तेव्हा ती फोनवर म्हणाली होती, "रातले लाईट येस, पानी भराले कोन जाई?" प्रश्न बिबट्याइतकाच विजेच्या वेळापत्रकाचाही होता. बातम्यांत मात्र डरकाळी होती, लाल वर्तुळ होतं आणि 'नरभक्षक' हा शब्द होता. शेतपंपाला दिवसा वीज, एकट्याने न जाणं, ऊसतोड मजुरांच्या पोरांना रात्री निजायला सुरक्षित जागा, याला डरकाळी जोडता येत नाही, म्हणून ते दिसलं नाही.

तो बिबट्या गेला, पण प्रत्येक बिबट्या आता तोच झालाय. यावलच्या जंगलाकडचा असो की साक्रीकडचा, रस्ता ओलांडून जाणाऱ्या जनावराचा व्हिडिओही आमच्या ग्रुपवर डरकाळी जोडूनच येतो. शार्कसाठी हे काम मोठमोठ्या चॅनलांनी केलं होतं. इथे ते आपणच करतोय, आपल्याच मोबाईलवर, फुकटात.

बिबट्याला लेक म्हणा, असं मी मावशीला सांगणार नाही. रात्री पाणी भरायला तिला जायचं असतं, मला नाही. व्हाली वाचली ती नुसत्या गोड नावाने नाही, जाळ्याचे पैसे मिळाले म्हणूनही. तसंच इथे दिवसा वीज हवी, मेलेल्या शेळीची भरपाई वेळेवर हवी. आणि आपल्या हातात आहे ते एवढंच, की पुढचा व्हिडिओ आला की आधी आवाज बंद करून बघायचा. बहुतेक वेळा दिसतं ते एवढंच: घाबरलेलं एक जनावर, उसात शिरायची वाट शोधणारं.