पुढच्या मॉडेलची वाट पाहताना

आमच्या बडोद्याहून पूर्वेस चाळीस किलोमीटरवर, पावागडच्या पायथ्याशी, हालोल आहे. तेथे एम. जी. कंपनीच्या विजेच्या मोटारी तयार होतात. पश्चिमेस अहमदाबाद ओलांडले की साणंद लागते. तेथे टाटांचा कारखाना. त्याच्याही पलीकडे, बहुचरामातेच्या बेचराजीजवळ हांसलपूर, तेथे सुझुकीचा. आमचे बिऱ्हाड असे तीन-तीन मुदपाकखान्यांच्या शेजारी, आणि तरीही पुरती अडीच-तीन वर्षे आम्ही पाट मांडून, पान वाढले जाण्याची वाट पाहत बसलो होतो.

वाट होती ती हांसलपूरच्या गाडीची. २०२३च्या जानेवारीत दिल्लीजवळच्या मोटार-प्रदर्शनात मारुतीने आपल्या पहिल्या विजेच्या गाडीचा नमुना मांडला. आमच्या घरी मारुती या नावाला मान आहे. आमची २००९ सालची पेट्रोलची गाडी त्याच घराण्यातली, आणि चौदा वर्षांत तिने आम्हांला रस्त्यात कधी उभे केले नव्हते. तेव्हा आम्ही उभयतांनी ठरविले की घेऊ तर हीच. भविष्यनिर्वाह निधीतील काही रक्कम बाजूला ठेवली आणि एक दोनशे पानी वही आणली.

गाडी बदलण्याचे कारण मात्र गाडीत नव्हते, घरात होते. आमच्या आत्याबाई ब्याऐंशी वर्षांच्या. जिने चढवत नाहीत म्हणून त्यांची खोली तळमजल्यावर, आणि तिच्या खिडकीखालीच गाडी उभी करण्याची जागा. सकाळी थंड इंजिन सुरू केले की पहिला धूर थेट त्यांच्या पलंगापर्यंत जाई आणि पुढे तासभर खोकला चाले. त्या कधी बोलल्या नाहीत. आमच्या निघण्याच्या वेळी खिडकी लावून घेत, एवढेच. दमा असलेल्या माणसाने उन्हाळ्याच्या सकाळी खिडकी लावून बसावे, हे आम्हांला पाहवत नसे.

वहीत आम्ही रकाने आखले. पहिला रकाना बॅटरीचा. तिचे माप किलोवॉट-अवरमध्ये सांगतात. नाव अवजड असले तरी ते म्हणजे आपल्या वीजबिलातले एक युनिट, दुसरे काही नाही. २०२० साली टाटांची नेक्सॉन आली ती ३०.२ युनिटांची टाकी घेऊन. २०२२च्या टियागोत १९.२ किंवा २४. २०२३ची हालोलची चिमुकली कॉमेट १७.३ची, २०२४च्या सप्टेंबरात तेथलीच विंडसर ३८ची. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात महिंद्रांनी पुण्याजवळच्या चाकणहून ५९ आणि ७९ युनिटांच्या दोन गाड्या आणल्या, तर २०२५च्या जानेवारीत ह्युंदाईची क्रेटा ४२ आणि ५१.४ची आली. आम्ही जिची वाट पाहत होतो ती ४९ आणि ६१ची असणार, असे कळले होते. दर चार-सहा महिन्यांनी नवे नाव येई, आदल्या आकड्यांवर रेघ ओढावी लागे, आणि आमची सौभाग्यवती म्हणे, “आता आणखी थोडे थांबू, पुढची याहून चांगली असेल.” ती चांगली असेच. थांबण्याला कारण मिळत राही.

दुसरा रकाना पल्ल्याचा. आणि येथे वाचकांना एक सावधगिरी सांगावीशी वाटते. जाहिरातीत छापलेला पल्ला प्रयोगशाळेतल्या ठराविक चाचणीत मोजलेला असतो. तेथे ना बडोद्याचा मे महिना, ना मागच्या आसनावरची चार माणसे, ना महामार्गावरचा ताशी नव्वदचा वेग. नेक्सॉनची ४५ युनिटांची आवृत्ती आली तेव्हा चाचणीचा आकडा ४८९ किलोमीटर होता, पण प्रत्यक्ष रस्त्यावर ३५० ते ३७० धरावेत असे कंपनीनेच सांगितले. हा प्रामाणिकपणा आम्हांला आवडला, आणि पुढे प्रत्येक गाडीच्या छापील आकड्याचा चौथा हिस्सा आम्ही आधीच वजा करू लागलो. आणखी एक उलटा प्रकार ध्यानात आला. पेट्रोलची गाडी गावात जास्त खाते, मोकळ्या रस्त्यावर कमी. विजेच्या गाडीचे बरोबर विरुद्ध. गावात थांबत-थांबत जाताना वेग कमी करू तेव्हा तिची मोटरच जनित्र बनते आणि थोडी वीज बॅटरीत परत भरते; महामार्गावर मात्र हवा कापण्यातच तिची शक्ती जाते, आणि वेग वाढेल तसा हा खर्च झपाट्याने वाढतो. म्हणजे रावपुऱ्याच्या कोंडीत जी सुखात असते, ती सुरतेच्या रस्त्यावर दमते.

ही गाडी काही आजकालची नव्हे, हेही वाचनात आले. १८९९ साली बेल्जियमच्या जेनात्झी नावाच्या गृहस्थांनी ताशी शंभर किलोमीटरची मर्यादा ओलांडली ती विजेच्या गाडीतून. त्या काळी अमेरिकेतील शहरांत अशा गाड्या पुष्कळ होत्या. पेट्रोलच्या गाडीला पुढून हँडल मारावे लागे आणि त्यात हात मोडत. १९१२ साली कॅडिलॅकने विजेवर सुरू होणारे इंजिन आणले, हँडल गेले, आणि विजेच्या गाडीचे दिवस भरत आले. विजेनेच विजेचा घात केला म्हणावयाचा! आपल्याकडे बंगळूरची इवलीशी रेवा २००१ साली निघाली. तिच्यात शिशाच्या जड बॅटऱ्या होत्या. आजच्या बहुतेक गाड्यांत लोह आणि फॉस्फेट असलेली लिथियमची बॅटरी असते. ती दुसऱ्या जातीच्या लिथियम बॅटरीपेक्षा वजनाच्या मानाने वीज कमी साठवते, पण उष्णतेला अधिक धीराने तोंड देते, आणि आमच्या गावच्या उन्हाळ्यात हा गुण मोठा. हा प्रकार १९९०च्या दशकात टेक्सासमध्ये ज्यांच्या प्रयोगशाळेत निघाला, त्या जॉन गुडइनफ यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २०१९ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी. आत्याबाईंना ही हकीकत वाचून दाखविली. “म्हणजे मला अजून पंधरा वर्षे आहेत,” एवढेच त्या म्हणाल्या.

पैशाचा रकाना सर्वांत कठीण. आमचे फिरणे वर्षाकाठी साडेसात हजार किलोमीटरचे. जुन्या गाडीला किलोमीटरला पावणेसात रुपयांचे पेट्रोल लागे. विजेच्या गाडीला घरच्या दराने सव्वा रुपया पडेल असे आम्ही काढले. वर्षाची बचत चाळीस हजारांच्या आसपास. पण तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीहून विजेची गाडी दोन-तीन लाखांनी महाग, तेव्हा तो फरक भरून निघायला सात वर्षे हवीत. त्यात २०२५च्या २२ सप्टेंबरला लहान पेट्रोल गाड्यांवरचा जी. एस. टी. अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला. विजेच्या गाडीवर तो २०१९पासून पाचच होता, म्हणजे तिला उतरायला जागा नव्हती. अंतर आणखी वाढले. विंडसरने तर सुरुवातीलाच एक निराळी तऱ्हा काढली होती: गाडी ९ लाख ९९ हजारांना विकत घ्या आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये द्या. बैल विकत घ्यावा आणि त्याचे पाय भाड्याने आणावेत, तसे हे. ज्याच्याजवळ एकदम रक्कम नाही त्याला सोयीचे असेल. आमच्या मनास ते रुचले नाही.

तेव्हा आमचे मत सांगावयाचे तर हे, की आमच्यासारख्या थोडे फिरणाऱ्या घराने केवळ पैसे वाचतील म्हणून विजेची गाडी घेण्यात अर्थ नाही. रोज साठ-सत्तर किलोमीटर जा-ये करणाऱ्याचे गणित निराळे. आम्हांला गाडी हवी होती ती त्या खिडकीसाठी. आणि खिडकीला वहीत रकाना नव्हता.

मधल्या काळात सोसायटीची सभा झाली. आग लागेल, सर्वांचे बिल वाढेल, अशा शंका निघाल्या. आमच्याच मीटरवरून तार ओढून स्वतंत्र खटका बसवू, असे लेखी दिल्यावर प्रश्न मिटला.

२०२५च्या २६ ऑगस्टला हांसलपुरात आमच्या त्या गाडीचा प्रारंभ झाला. खुद्द पंतप्रधानांनी झेंडा दाखविला. आम्ही दूरदर्शनपुढे बसून पाहिले, आणि कळले की पहिल्या गाड्या युरोपास निघाल्या आहेत. मांडव आपल्या दारी आणि पहिली पंगत परगावच्या पाहुण्यांची! यजमानाने अशा वेळी हसतमुख राहावयाचे असते. शंभरांहून अधिक देशांत गुजरातेतली गाडी जाणार याचा अभिमान वाटलाही. पण वहीतला तो रकाना किमतीच्या जागी कोराच राहिला.

नवरात्रानंतर एके दिवशी आत्याबाईंनी स्वतःहून विचारले, “तुम्ही दोघे एवढे आकडे लिहिता, त्यात मला बसवून कोणी पाहिले आहे का?”

त्यांचा डावा गुडघा २०२१ साली बदललेला. त्यांना घेऊन आम्ही विक्रीच्या चार दुकानांत गेलो. निघताना त्यांनी शिवणाची टेप पिशवीत टाकली आणि घरातल्या झोपाळ्याची उंची मोजून घेतली: साडेअठरा इंच. इतक्या उंचीवरून त्यांना कोणाचाही हात न धरता उठता येते. दुकानातला तरुण पडद्यावरचा नकाशा दाखवू लागला, तर त्यांनी त्याला जमिनीपासून आसनापर्यंत टेप धरायला सांगितली. मग आसनापासून पायाखालच्या फरशीपर्यंत. विजेच्या गाडीत बॅटरी तळाशी पसरलेली असते. त्यामुळे फरशी वर येते, आणि आसन त्या मानाने उंच नसेल तर बसलेल्या माणसाचे गुडघे पोटाकडे येतात. अर्ध्या तासात आत्याबाईंनी शोधून काढलेली ही गोष्ट अडीच वर्षांत आमच्या वहीत आली नव्हती. एका गाडीत त्यांना आत जाता आले, बाहेर येता येईना. दोघांनी धरून काढले. दुसरीत दार पुरेसे उघडत नव्हते. दोन ठिकाणी त्या व्यवस्थित बसल्या, पाठ टेकून डोळे मिटले, आणि दुकानदाराने आणलेला चहा आसनावर बसूनच प्याल्या.

परतताना सौभाग्यवतीने हांसलपूरच्या गाडीचा विषय काढला. ती आली की तिच्यातही बसून पाहू, मग ठरवू. “जी दाराशी नाही तिच्यात बसू कशी?” आत्याबाई म्हणाल्या. मग जरा वेळाने, “दत्तजयंतीला गरुडेश्वरी जायचे आहे. ह्या वर्षी जमेल का तेवढे सांगा.”

गरुडेश्वर म्हणजे वासुदेवानंद सरस्वती टेंबेस्वामींनी १९१४ साली जेथे देह ठेवला ते नर्मदाकाठचे स्थान. बडोद्याच्या मराठी घरांतून तेथे जाण्याचा परिपाठ जुना आहे. आमच्या घरची वारी दोन वर्षे चुकली होती. जुन्या गाडीची आसने खाली आणि बसचा पायंडा वर, मधल्या उंचीचे वाहन आत्याबाईंना मिळत नव्हते. आम्ही वही उघडली आणि गरुडेश्वरचे अंतर मोजले. जाऊन-येऊन, मधली वाकडी वाट धरून, १७२ किलोमीटर. त्यांना बसता येणाऱ्या दोन्ही गाड्यांत ते वाटेत वीज न भरता होण्यासारखे होते. पुण्यास मुलीकडे जायचे तर साडेपाचशे किलोमीटर, तेथे ह्या काय किंवा ६१ युनिटांची काय, वाटेत थांबावेच लागणार. आणि वर्षातून एकदा आम्ही थांबू.

नोव्हेंबरात हालोलची गाडी दारात आली. आत्याबाईंनी खिडकीतून कुंकवाचा करंडा दिला. डिसेंबरच्या २ तारखेस मारुतीने आपली गाडी पूर्ण रूपात दाखविली. ५४३ किलोमीटरचा दावा, आणि सुरक्षिततेच्या परीक्षेत पाच तारे. पाच तारे पाहून आम्हांला मनापासून बरे वाटले. किंमत मात्र त्या दिवशीही सांगितली गेली नाही.

४ तारखेस दत्तजयंती. पहाटे निघालो. डभोईवरून जाताना आत्याबाईंनी तेथल्या आगगाडीची गोष्ट काढली. १८६२ साली, खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत, डभोई ते मियागाम अशी छोट्या रुळांची गाडी सुरू झाली. रूळ इतके हलके, की इंजिनाचा भार पेलवेना, म्हणून डबे बैल ओढीत. त्यांच्या आजोबांनी आपल्या वडिलांकडून ऐकलेले त्या सांगत होत्या, आणि गाडीत इंजिनाचा आवाज नसल्याने मागचे प्रत्येक अक्षर पुढे ऐकू येत होते. गरुडेश्वरच्या पलीकडेच केवडिया. २०२१ साली ते सारे नगर केवळ विजेच्या वाहनांचे करण्याचे जाहीर झाले. तिकडे वीज भरण्याची सोय आहे, पण आम्हांला तिची गरज पडली नाही.

घाटावर गर्दी फार होती. पालखी होईपर्यंत आत्याबाई गाडीचे दार उघडे ठेवून आसनावरच बसल्या होत्या. रात्री घरी पोचलो तेव्हा बॅटरीत ३१ टक्के शिल्लक होते. खटक्याला लावली, सकाळपर्यंत भरली.