खालाची जखम

माझ्या खालाचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. तिसऱ्या दिवशी ती घरी आली, आठवड्याभरात टाके सुकले. महिन्याने मात्र बेंबीजवळच्या टाक्यातून पाणी झिरपू लागलं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, जखम दोनदा उघडून साफ केली. पुन्हा तेच.

शुगर नाही, एचआयव्ही नाही. रमजानचे सगळे रोजे ठेवणारी धडधाकट बाई. पुवाच्या स्लाइडवर क्षयासारखे जंतू दिसले आणि टीबीचा कोर्स सुरू झाला. बातमी मोहल्ल्यात पसरली. घरातच तिचा कप वेगळा ठेवला गेला. मुलीची मंगनी लांबणीवर पडली. चार महिने गोळ्या खाऊनही जखम तशीच.

शेवटी शहरातल्या एका डॉक्टरांनी पू कल्चरला पाठवला. पाच दिवसांतच जंतू वाढले. टीबीच्या जंतूला वाढायला कित्येक आठवडे लागतात. हा त्याच कुळातला, पण वेगळा निघाला: मायकोबॅक्टेरियम अब्सेसस. तो पाण्यात आणि मातीत राहतो. स्लाइडवर दोघे सारखेच दिसतात, पण टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांना हा दाद देत नाही. मग क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन आणि खराब झालेला भाग कापून काढणं असा उपचार कित्येक महिने चालला.

जंतू आला कुठून, हे खात्रीने कधीच कळणार नाही. पण दुर्बिणीची उपकरणं द्रावणात पुरेसा वेळ बुडवली नाहीत, किंवा नंतर साध्या नळाच्या पाण्याने धुतली, तर असं होऊ शकतं. ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोत २००६-०७ मध्ये अशा संसर्गाची साथच आली होती. संशयित रुग्ण हजाराहून जास्त होते. जंतू थेट कातडीखाली पोचला, की चांगली प्रतिकारशक्तीही कमी पडू शकते.

म्हणून सांगतो, ऑपरेशननंतर किंवा इंजेक्शनच्या जागी काही आठवड्यांनी गाठ आली, पू वाहू लागला आणि नेहमीच्या औषधांनी थांबला नाही, तर डॉक्टरांना कल्चरबद्दल जरूर विचारा. नुसत्या स्लाइडवर थांबू नका.

जखम आता भरली आहे. परवा खालाने मला विचारलं, ‘‘बेटा, माझं काय चुकलं होतं रे?’’

‘‘काहीच नाही, खाला,’’ मी म्हणालो. चुकलं ते तिचा कप वेगळा ठेवणाऱ्या आम्हां सगळ्यांचं.