रिचमंड : नदीकाठची वखार आणि नदीतले बेट

१/ अमेरिकन यादवी युद्धात रिचमंड ही दक्षिणेच्या बंडखोर राज्यांची राजधानी होती. तेथे जेम्स नदीच्या काठी लिबी नावाच्या व्यापाऱ्याची विटांची तिमजली वखार होती. १८६२ मध्ये तिचा तुरुंग झाला. नाव मात्र त्याचेच राहिले.

२/ या वखारीत उत्तरेचे अधिकारी कोंडले जात. साध्या शिपायांची रवानगी नदीतल्या बेल आइल बेटावर होई. १८६३-६४ चा हिवाळा त्यांनी तेथे फाटक्या तंबूंत, अनेकांनी तर उघड्यावर काढला.

३/ फेब्रुवारी १८६४ मध्ये तळघरातून भुयार खोदून १०९ अधिकारी निसटले. ५९ जण आपल्या सैन्यापर्यंत पोहोचले. ही कथा आजही रंगवून सांगितली जाते. बेटावरच्या भुकेला असे कथानक नाही.

४/ मुळात इतके कैदी साचले का? १८६२ च्या करारानुसार दोन्ही बाजू कैद्यांची अदलाबदल करीत. परंतु उत्तरेच्या कृष्णवर्णीय सैनिकांना युद्धकैदी मानण्यास दक्षिणेने नकार दिला. लिंकन सरकारला हा भेद अमान्य होता. १८६३ मध्ये करार कोलमडला. पुढे उत्तरेच्या सेनानींनी हिशेबही मांडला : सुटलेला शत्रुसैनिक पुन्हा रणांगणात उतरतो.

५/ तत्त्व न्याय्य होते, हिशेबही अचूक होता. दोहोंची किंमत मात्र बेटावर कुडकुडणाऱ्यांनी मोजली. त्यांना कोणी विचारले नव्हते.

६/ १८८९ मध्ये ती वखार वीट-वीट सुटी करून शिकागोला नेण्यात आली आणि तिचे संग्रहालय झाले. तंबूंचे संग्रहालय कोणी उभारले नाही.