काचीगुड्याहून लातूरला

काचीगुडा स्टेशनची इमारत १९१६ सालची, निजामाच्या रेल्वेचा सगळा दिमाख अंगावर घेऊन उभी असलेली. नांदेड-परभणीकडच्या माणसाला हे स्टेशन ओळखीचं. कुणी दवाखान्यासाठी येतो, कुणी लग्नाच्या खरेदीला, कुणी पोराच्या नोकरीच्या मुलाखतीला. नगरसोलची गाडी सुटायला वेळ होता, म्हणून बॅग क्लोकरूममध्ये टाकली आणि लिंगमपल्ली चौरस्ता विचारत निघालो. या भागात शोएबुल्लाखान नावाचा एक संपादक राहत होता, आणि प्रेसमधून घरी येताना त्याला इथेच मारलं.

आज तिथे अपार्टमेंटं आहेत, मेडिकलची दुकानं आहेत, तेलुगू आणि उर्दू पाट्यांची दाटी आहे. चौरस्त्यावरून आत वळणारी गल्ली एवढी अरुंद, की समोरून रिक्षा आली तर भिंतीला टेकावं लागतं. रात्री बारानंतर, रस्त्यावर दिवे बेताचे असताना, दोन माणसं गप्पा मारत घराकडे चालली असतील आणि मागून कुणी आलं असेल, तर पळायला जागा कुठे होती, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं.

शोएबुल्लाखान यांचा जन्म १९२० चा, वरंगल भागातला. वडील पोलिसांत. मुलगा उस्मानिया विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडला, त्याला सरकारी नोकरी मिळणं अवघड नव्हतं. तो गेला वर्तमानपत्रात. मंदुमुला नरसिंगराव यांच्या ‘रय्यत’ या उर्दू पत्रात त्याने उमेदवारी केली. निजाम सरकारने ‘रय्यत’ बंद पाडलं तेव्हा त्याने स्वतःचं दैनिक काढायचं ठरवलं. बुर्गुला रामकृष्णराव यांच्यासारखे काँग्रेसचे नेते मदतीला उभे राहिले, घरातले दागिने विकले गेले असं सांगतात, आणि १५ नोव्हेंबर १९४७ रोजी ‘इमरोज’चा पहिला अंक निघाला.

तो काळ आठवावा. देश स्वतंत्र होऊन तीन महिने झाले होते आणि हैदराबाद संस्थान स्वतंत्र राहण्याच्या हट्टावर होतं. मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचे रझाकार गावागावांत शिरत होते. अशा वेळी राजधानीच्या शहरात बसून, उर्दू भाषेत, एक मुसलमान संपादक रोज लिहीत होता की संस्थानाने भारतात विलीन व्हावं आणि रझाकारांचे अत्याचार थांबावेत. हिंदू कार्यकर्त्याला ‘काँग्रेसवाला’ म्हणून बाजूला काढता येत होतं. या माणसाला काय म्हणणार? तो त्यांच्याच भाषेत लिहीत होता, त्यांच्याच मोहल्ल्यात राहत होता. काही मुस्लिम मान्यवरांनी विलीनीकरणाच्या बाजूने काढलेलं निवेदन ऑगस्ट १९४८ मध्ये ‘इमरोज’ने छापलं आणि रझाकारांचा संताप टोकाला गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत झमरुद महाल थिएटरमधल्या सभेत रझाकारांचे नेते कासिम रझवी यांनी जाहीर धमकी दिली. विरोधात उठणारे हात छाटून टाकू, असा त्या बोलण्याचा रोख होता. २१ ऑगस्टच्या रात्री शोएबुल्लाखान अंकाचं काम संपवून निघाले. सोबत मेहुणे इस्माईलखान होते, तेही ‘इमरोज’मध्येच काम करत. हल्लेखोरांनी मागून गोळी झाडली आणि शोएबुल्लाखान पडल्यावर तलवारीने हात तोडला. वाचवायला धावलेल्या इस्माईलखानांवरही वार झाले. ते जगले, शोएबुल्लाखान २२ तारखेच्या पहाटे गेले. वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हतं. ‘इमरोज’ उणेपुरे नऊ महिने चाललं.

त्या काळी उर्दू वर्तमानपत्र खिळे जुळवून निघत नसे. संपादकाने लिहिलेला मजकूर कातिब बोरूने, खास शाईने, खळ लावलेल्या पिवळ्या कागदावर सुवाच्य उतरवून काढायचा. तो कागद दगडावर दाबायचा, अक्षरं दगडावर उलटी उमटायची, मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला की छपाई सुरू. म्हणजे वाचकाच्या हातात पडणारं प्रत्येक अक्षर कुणाच्या तरी हाताने आधी लिहिलेलं असायचं. हात तोडण्याची धमकी अशा छापखान्यात रोज कागदावर वाकून बसणाऱ्यांना कशी ऐकू गेली असेल, हे मनातून जात नाही.

आणि ते कासिम रझवी मूळचे उत्तर प्रदेशचे, पण त्यांची वकिली लातूरची. माझ्या प्रवासाचं शेवटचं ठिकाणही लातूरच होतं.

गाडी सुटली. कामारेड्डी, निजामाबाद मागे पडलं. ही गोदावरी खोऱ्याची जुनी लाइन. १९४८ मध्ये मीटरगेज होती. याच रुळांवरून मराठवाड्याची माणसं शिकायला, कोर्टकचेरीला हैदराबादला जात. बातम्या मात्र या रुळांवरून फार येत नसत. संस्थानात सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ हे सभाबंदीचं परिपत्रक आडवं, वर्तमानपत्र काढायचं तर परवानगी आडवी. म्हणून आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये ‘मराठवाडा’ साप्ताहिक काढलं ते पुण्यातून. निजामाने त्याला राज्यात बंदी केली की ते नाव बदलून निघायचं, पुन्हा बंदी, पुन्हा नवं नाव. अंक सरहद्दीवरून चोरून आत यायचे. अंक छापणारा पुण्यात निर्धास्त होता, असं आज म्हणता येईल. पण गावातली बातमी त्याच्यापर्यंत पोचवणारा आणि अंक घोंगडीत गुंडाळून आणणारा माणूस इथलाच होता, आणि त्याचं नाव अंकावर कधी येत नव्हतं. पुढे ‘मराठवाडा’ औरंगाबादहून निघू लागलं, अनंत भालेरावांसारखा मुक्तिसंग्रामातून आलेला संपादक त्याला लाभला. ती सगळी परंपरा या निनावी माणसांच्या खांद्यावर उभी आहे.

बासरला गोदावरी ओलांडली, धर्माबाद आलं. डब्यात चढलेला एक तरुण शेजारी बसला. बोलता बोलता कळलं, बिलोली भागातून एका दैनिकासाठी बातम्या पाठवतो. मानधन नावापुरतं, जाहिराती आणल्या तर कमिशन. मांजरा नदीतली लाल वाळू ही त्या तालुक्याची ओळख आणि तीच डोकेदुखी. रात्री हायवा भरून निघतात. मी विचारलं, बातम्या देतोस का वाळूच्या?

“देतो की. बातमी लागली की तहसीलमध्ये कोणी विचारत नाही कोणी दिली म्हणून. घाटावर विचारतात.”

मग जरा थांबून म्हणाला, “माय म्हणती, त्या रस्त्यानं संध्याकाळचं येऊ नकू. पण घराला तोच रस्ता हाय.”

युद्धभूमीवरचा पत्रकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हेल्मेट आणि निळं जॅकेट येतं. ती माणसं खरोखर मरणाच्या तोंडी असतात. रॉयटर्सचे छायाचित्रकार दानिश सिद्दीकी १६ जुलै २०२१ रोजी अफगाणिस्तानात स्पिन बोल्दक इथे मारले गेले. पत्रकारांच्या संरक्षणासाठी काम करणाऱ्या न्यू यॉर्कच्या ‘सीपीजे’ या संस्थेने २०२४ या एका वर्षात जगभरात किमान १२४ पत्रकार आणि माध्यम कर्मचारी मारले गेल्याची नोंद केली. त्यांतले बहुसंख्य गाझामधले पॅलेस्टिनी पत्रकार. त्यांना ‘बाहेरून युद्ध कव्हर करायला आलेले’ म्हणता येणार नाही. ते स्वतःच्या गल्लीची बातमी देत होते. परदेशी वार्ताहराला परतीचं तिकीट असतं. स्थानिक पत्रकाराला बातमी देऊन झाल्यावर त्याच वस्तीत झोपायचं असतं, आणि त्याच्या पोरांची शाळा त्याच रस्त्यावर असते.

गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या विजापूर जिल्ह्यात हे फार उघडं दिसतं. साई रेड्डी हे तिथले ‘देशबंधु’चे पत्रकार. पोलिसांनी त्यांना २००८ मध्ये माओवाद्यांचे साथीदार म्हणून तुरुंगात टाकलं. डिसेंबर २०१३ मध्ये बासागुड्याच्या बाजारात माओवाद्यांनी त्यांना पोलिसांचा माणूस ठरवून मारलं. एकाच माणसावर दोन्ही बाजूंनी दोन उलटे आरोप ठेवले, आणि त्याचा गुन्हा एवढाच की तो दोन्हीकडचं लिहीत होता. त्याच जिल्ह्यातला मुकेश चंद्राकर. २०२१ मध्ये माओवाद्यांनी पकडून नेलेल्या सीआरपीएफ जवानाला सोडवून आणणाऱ्यांत हा होता. जंगलात बंदूकधाऱ्यांसमोर जाऊन तो सुखरूप परत आला. पुढे त्याने एका रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार बाहेर काढला. १ जानेवारी २०२५ ला तो बेपत्ता झाला आणि दोन दिवसांनी एका ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये त्याचा मृतदेह सापडला.

आपलं राज्य यातून सुटलेलं नाही. राजापूरचे शशिकांत वारिशे यांची रिफायनरीच्या वादातली बातमी ‘महानगरी टाइम्स’मध्ये ६ फेब्रुवारी २०२३ ला छापून आली, त्याच दिवशी महामार्गावर त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध खास कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य, २०१७ चा तो कायदा. हल्ला अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे. कायदा चांगला आहे. पण तो लागू व्हायला आधी ‘पत्रकार’ असल्याचं दाखवावं लागतं, आणि माझ्या शेजारच्या मुलाकडे नेमणुकीचा एक कागद नव्हता. ज्या दैनिकासाठी तो जीव धोक्यात घालतो, त्या दैनिकाने उद्या ‘हा आमचा नाही’ म्हटलं तर तो काय दाखवणार? याचा मला मनापासून राग येतो. वाळूवाल्याचा जेवढा येतो तेवढाच.

तो उमरीला उतरला. ३० जानेवारी १९४८ रोजी मुक्तिसंग्रामातल्या तरुणांनी ज्या उमरीची बँक लुटून चळवळीला पैसा उभा केला, तेच हे गाव. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली.

नांदेडहून पुढे एसटी. लोहा, माळेगावच्या खंडोबाचा फाटा, अहमदपूर, चाकूर. खिडकीबाहेर सोयाबीन आणि तुरीची रानं. या वाटेवरून जाताना मला आणखी एक पत्रकार आठवत होता. हैदराबादच्या ‘पयाम’ या उर्दू दैनिकाचे संस्थापक-संपादक काझी अब्दुल गफ्फार.

शोएबुल्लाखान गेल्यानंतर बावीस दिवसांनी, १३ सप्टेंबर १९४८ रोजी, पोलीस अ‍ॅक्शन सुरू झाली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. मराठवाडा मुक्त झाला; तो आनंद खरा होता आणि रास्त होता. रझाकारांनी गावंच्या गावं जाळली होती. बिदरकडच्या गोर्ट्यात मे महिन्यात झालेलं हत्याकांड लोक विसरले नव्हते. पण त्यानंतर सूडाची जी लाट उठली ती रझाकारांपुरती राहिली नाही, साध्या मुसलमान घरांवर कोसळली. ती तपासायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना पाठवलं. सुंदरलालही मुळात पत्रकार. त्यांच्या ‘भारत में अंग्रेजी राज’ या ग्रंथावर इंग्रजांनी बंदी घातली होती. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर हे पथक संस्थानात होतं. सोळापैकी नऊ जिल्हे फिरलं, १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांशी बोललं.

त्यांचा अंदाज असा, की संस्थानभर किमान २७ ते ४० हजार माणसं गेली. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं आणि अहवालात त्याचा वेगळा उल्लेख आहे: रझवींचं गाव, कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी पेठ, आणि वीसहून अधिक दिवस चाललेली कत्तल. शहरातल्या सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार पथकाला दिसले. त्याच अहवालात हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जिवावर उदार होऊन वाचवल्याचंही लिहिलं आहे. पथकाने दोन्ही गोष्टी नोंदवल्या. मग तो अहवाल सरकारी कपाटात गेला, आणि पूर्ण मजकूर सामान्य वाचकाला वाचायला मिळेपर्यंत सहा दशकांहून जास्त काळ उलटला.

बातमीदाराला गोळी घालता येते, आणि गोळी न घालता त्याची बातमी पुरताही येते. गफ्फार सुखरूप परतले, त्यांचं लेखन मात्र ज्यांच्यासाठी होतं त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. लातूरच्या मुसलमान कुटुंबांत हे सगळं घराच्या आत, हळू आवाजात राहिलं. रझवी तुरुंगातून १९५७ मध्ये सुटून पाकिस्तानात गेले, १९७० मध्ये कराचीत वारले. भोगलं ते इथे राहिलेल्यांनी.

संध्याकाळी गंजगोलाईत पोचलो. सोळा रस्ते येऊन मिळणारी ही पेठ १९१७ ची, मध्ये जगदंबेचं देऊळ, भोवती कापडाची, भांड्यांची, सराफांची दुकानं. गर्दी उसळलेली. एका ओळखीच्या ज्येष्ठ पत्रकाराकडे चहाला थांबलो. त्यांना शोएबुल्लाखानांचं नाव माहीत होतं, सुंदरलाल अहवालही वाचलेला होता. “पण लिहिलं नाही कधी,” ते म्हणाले. “इकडचं लिहिलं तर हे चिडतात, तिकडचं लिहिलं तर ते.”

१७ सप्टेंबरला लातुरात आणि नांदेडात झेंडावंदन होतं, हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते. माझी मागणी अशी आहे, की त्या हुतात्म्यांत उर्दूत लिहिणाऱ्या शोएबुल्लाखानांचं नाव घ्यावं, आणि त्या आठवड्यात लातूरच्या पत्रकारांनी एक बैठक लावून काझी गफ्फार आणि सुंदरलाल यांच्या अहवालातला लातूरचा उतारा मोठ्याने वाचावा. ज्येष्ठांना हे म्हटलं तेव्हा त्यांनी लगेच होकार दिला नाही. वही काढून तारीख लिहून घेतली आणि विचारलं, अहवालाची प्रत मराठीत मिळेल का? मराठीत मिळेल की नाही ठाऊक नाही, पण त्या उताऱ्यापुरतं भाषांतर मी करून देतो, असं मी त्यांना सांगून आलोय.