हर्षद

दहावीला गणितात ३५ गुण मिळाले आणि त्या विषयाला कायमचा रामराम ठोकून मी कला शाखेत आलो. पण परवा सहज नऊ वेळा १ लिहिला आणि त्या संख्येला तिनेच गुणले. उत्तर आले १२३४५६७८९८७६५४३२१. चांगली १७ अंकी! डावीकडून वाचा वा उजवीकडून, तीच. विलोमपदच म्हणा ना!

अंकांची बेरीज केली, ८१. ८१ ने भागले, तर बाकी शून्य! अशा संख्येला देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी (१९०५-१९८६) 'हर्षद' म्हटले; आनंद देणारी. त्यांच्या 'डेम्लो' संख्यांतही ती बसते. ते नाव त्यांनी एका रेल्वे स्थानकावरून घेतले. शिवाय ती पूर्ण वर्ग. म्हणून तिचे विभाजकही विषम, ४५.

व्याकरणात एकच शब्द कधी नाम असतो, कधी विशेषण. इथे तर एकच संख्या एकाच वेळी चार कुळांत नांदते!

मला भीती संख्यांची कधी नव्हतीच, गुणांची होती. हे कळायला मात्र बी. ए. चे दुसरे वर्ष उजाडावे लागले.