दिशेचा कांटा

थळच्या आमच्या घराच्या ओटीवरून खांदेरीचा दिवा दिसतो. १८६७ सालीं बांधलेल्या त्या दीपस्तंभानें कोळ्यांच्या कित्येक पिढ्यांस वाट दाखविली. पण ढगांत शिरलेल्या वैमानिकास दिवा कोठचा? आमचा पुतण्या लहान विमानें चालवूं लागल्यापासून वहिनी हाच प्रश्न आम्हांस विचारीत. जणूं मॅट्रिक झालेला मास्तर सर्वज्ञच!

गेल्या गणपतींत पुतण्या घरीं आला, तेव्हां त्यालाच विचारलें. तो म्हणाला, "काका, मोठीं विमानें उंचावरून जातात, आमचे हवाईमार्ग त्यांच्या खालीं. पूर्वीं ते एका रेडिओ-दीपापासून दुसऱ्यापर्यंत आंखीत." हा दीप प्रकाश देत नाहीं. तो चोहों दिशांस सारखे रेडिओतरंग सोडतो आणि मोर्सच्या ठिपक्या-रेघांनीं आपलें नांव सांगतो. विमानांतील कांटा त्याच्याकडे वळतो. जे. आर. डी. टाटांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गें जुहूस टपाल आणलें, तेव्हां त्यांच्या विमानांत रेडिओच नव्हता. त्या मानानें ही केवढी सोय!

परंतु हा कांटाहि फसतो, हें ऐकून आम्ही सावरून बसलों. वादळी मेघ जवळ आला कीं कांटा दीप सोडून विजेकडे धांवतो. सूर्योदयास व सूर्यास्तास आकाशांतून परतलेले तरंग मिसळून तो डळमळतो. आणि एक भूल तर आमच्या दारांतलीच. तरंग किनारा तिरकस ओलांडतांना वांकतात, पाण्यांत बुडविलेली काठी वांकडी दिसावी तसे! शिवाय दीप बंद पडला तरी कांटा तसें सांगत नाहीं. म्हणून वैमानिकानें मोर्सची ती खूण सतत कानांत ठेवावयाची.

"आतां उपग्रह वाट दाखवितात, हे दीप जगभर एकेक करून बंद होत आहेत," तो म्हणाला.

"मग शिकलास कशाला?"

"उपग्रहाचा संकेत हरवला तर?"

इतक्यांत वहिनी मोदकांचें ताट घेऊन आल्या. "काय भावोजी, सांपडला का दिवा?"

"सांपडला. अगदीं बिनचूक आहे," आम्ही म्हणालों. खोटें बोलल्याबद्दल उभ्या नोकरींत मुलांस किती छड्या मारल्या असतील, त्याचा हिशेब नाहीं. पुतण्या मान खालीं घालून मोदकावर तूप ओतीत राहिला.